घाटात गाडी तापतेय? रेडिएटर बदलण्याआधी फॅन क्लच तपासा

जुन्या पिकअप, जीप, सुमो वापरणाऱ्यांसाठी : दोष कसा ओळखायचा, काय बदलायचं आणि बदलताना कशावर लक्ष ठेवायचं

घोडेगाव (ता. नेवासा) : कांद्याच्या गोण्या भरलेली जुनी पिकअप घोडेगावातून नगरकडे निघते. पांढरी पुलापर्यंत काटा जागच्या जागी असतो. इमामपूरचा घाट लागतो, पुढे मालट्रकची रांग असते, गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि काटा लाल रेषेकडे सरकायला लागतो. घाट संपून गाडी सपाटीला पळाली की काटा आपोआप खाली. चालक म्हणतो, "जाऊ द्या, उन्हाचं होतं तसं."

पुढच्या खेपेला बॉनेटमधून वाफ निघते. गॅरेजवाला बघतो आणि सांगतो, रेडिएटर गेला. नवा रेडिएटर बसतो, पैसे जातात. आठ दिवसांनी पुन्हा तोच घाट आणि तोच काटा. कारण रेडिएटरच्या मागे बसलेला फॅन क्लच कोणी तपासलेलाच नसतो.

घोडेगाव परिसरात जुन्या गाड्या भरपूर आहेत. नेवासा बाजार समितीच्या घोडेगाव उपबाजारात कांदा आणणाऱ्या पिकअप, जनावरांच्या बाजाराला येणारे छोटे टेम्पो, शनिशिंगणापूरला भाविक ने-आण करणाऱ्या जीपा, सोनई-भेंड्याच्या कारखान्यांकडे मजुरांना नेणाऱ्या गाड्या. यातल्या कितीतरी गाड्या दहा-पंधरा वर्षं चाललेल्या असतात. अशा गाडीत रेडिएटर आणि फॅन क्लच या दोन वस्तू एकमेकांच्या जिवावर चालतात. एकीच्या दोषाचा भुर्दंड दुसरीवर पडतो, आणि दोन्हींकडे दुर्लक्ष केलं तर तो इंजिनवर पडतो. म्हणून हे दोन्ही भाग मालकाने स्वतः समजून घेतलेले बरे.

इंजिनची उष्णता जाते कुठे?

डिझेल जळून जेवढी उष्णता तयार होते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच गाडी ओढायला कामी येतो. साधारण तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून धुरासोबत बाहेर जाते. उरलेली इंजिनच्या लोखंडात साठते आणि ती बाहेर काढायचं काम पाण्याचं, म्हणजे कूलंटचं.

वॉटर पंप (आपले मेकॅनिक त्याला वॉटर बॉडी म्हणतात) हे कूलंट इंजिनमधून फिरवतो. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो. बऱ्याच गाड्यांत कूलंट ८० अंशांच्या थोडं पुढे गेलं की तो उघडतो. मग गरम कूलंट वरच्या पाइपातून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जातं, नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांवरून हवा जाते, कूलंट थंड होतं आणि खालच्या पाइपाने परत इंजिनात येतं.

रेडिएटरचं झाकणही साधं झाकण नसतं. त्यात स्प्रिंग असते आणि ती आत दाब धरून ठेवते. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळतं. तेच पाणी सुमारे एक बार जास्त दाबाखाली १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर फाटलं किंवा स्प्रिंग ढिली पडली की हा दाब राहत नाही, आणि चांगल्या रेडिएटरची गाडीसुद्धा उकळते.

आता प्रश्न हवेचा. गाडी ६०-७० च्या वेगाने पळत असेल तर समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतो. घाटात मात्र गाडी १५-२० ने चढते, वारा जवळपास नसतो, आणि इंजिन तर सर्वात जास्त जोर लावत असतं. त्या वेळी सगळी भिस्त पंख्यावर असते. त्यामुळे सपाटीला झाकून राहिलेला पंख्याचा दोष घाटात उघडा पडतो.

फॅन क्लच म्हणजे नेमकं काय?

रेडिएटरमागच्या पंख्याच्या मधोमध पातळ पाकळ्या असलेला गोल अॅल्युमिनियमचा डबा दिसतो, तो फॅन क्लच. मेकॅनिक त्याला विस्कस क्लचही म्हणतात. जुन्या बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, क्वालिस अशा गाड्यांमध्ये इंजिनवर चालणारा पंखा बहुतेक वेळा या क्लचमार्फत फिरतो. काही जुन्या गाड्यांत आणि बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये पंखा थेट पुलीला जोडलेला असतो, तिथे हा भाग नसतो. छोट्या कारमध्ये बहुधा विजेवरचा पंखा असतो. आपल्या गाडीला कुठला पंखा आहे हे आधी बॉनेट उघडून बघून घ्या.

क्लचच्या डब्यात घट्ट सिलिकॉन तेल असतं. डब्याच्या तोंडावर, रेडिएटरच्या बाजूला, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी असते. ही पट्टी दोन वेगळ्या धातूंची असते, तापली की ती वळते. रेडिएटरमधून येणारी हवा साधारण ६०-७० अंशांच्या पुढे गेली (गाडीनुसार थोडं कमी-जास्त) की पट्टी वळून आतला पडदा उघडते. तेल दोन चकत्यांच्या मध्ये शिरतं आणि त्या चकत्यांना जणू एकमेकींना चिकटवतं. पंखा जोरात फिरायला लागतो आणि बॉनेटखालून घोंगावल्यासारखा आवाज येतो. हवा थंड झाली की तेल मागे जातं आणि पंखा सैल पडतो.

म्हणजे गरज असेल तेव्हाच पंखा जोर लावतो. त्यामुळे डिझेल वाचतं आणि आवाज कमी होतो. पण वर्षं गेली की डब्याच्या सीलमधून तेल झिरपतं, पट्टी मळते, आतलं बेअरिंग ढिलं होतं. मग पंखा फिरताना तर दिसतो, पण हवा ओढत नाही. "पंखा फिरतोय की" एवढं बघून बॉनेट लावणाऱ्यांची फसगत इथेच होते.

गाडी कुठे तापते, ते आधी लिहून ठेवा

गॅरेजला जाण्याआधी गाडी कुठे, कधी, किती माल असताना तापली ते लक्षात ठेवा. निम्मं निदान त्यातच आहे.

• घाटात, गर्दीत किंवा उभ्या गाडीत तापते, पळायला लागली की उतरते : संशय पंख्यावर. फॅन क्लच, पंख्याचा पट्टा आणि पंख्याभोवतीचं कव्हर बघा. शनि अमावास्येला शिंगणापूरच्या रस्त्यावर तासभर रांगेत एसी लावून उभी राहिलेली गाडी तापते, ती याच प्रकारातली.

• सपाट रस्त्यावर वेगात, माल भरलेला असताना तापते : वारा भरपूर आहे, तरी उष्णता निघत नाही. रेडिएटर आतून चोंदलेला असू शकतो, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नसेल किंवा वॉटर पंप कमी पडत असेल.

• सगळीकडेच तापते, रोज पाणी घालावं लागतं : गळती शोधा. रेडिएटरचे सांधे, होज पाइप, वॉटर पंपाखालचं भोक, हीटरचे पाइप.

• पाणी कमी होतं पण थेंब कुठे दिसत नाही, सायलेन्सरमधून पांढरा वाफेसारखा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, किंवा ऑइल चहासारखं दुधाळ : हेड गॅसकेट गेल्याची खूण. इथे रेडिएटर बदलून काही होणार नाही. गाडी चालवू नका.

• सकाळी इंजिन गरम व्हायलाच खूप वेळ लागतो : थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे, किंवा फॅन क्लच जाम होऊन पंखा कायम पूर्ण जोरात फिरतोय.

फॅन क्लचची तपासणी : पाना न लावता

इंजिन बंद, चावी खिशात आणि गाडी पूर्ण थंड. एवढं झाल्याशिवाय पंख्याला हात लावू नका. काही गाड्यांत एसीसाठी पुढे विजेवरचा पंखाही असतो, तो अचानक सुरू होऊ शकतो.

१. पंखा हाताने फिरवा. थोडा अडखळत, जड फिरला तर ठीक. धक्का दिल्यावर सायकलच्या चाकासारखा तीन-चार फेरे गरगर फिरत राहिला तर आतलं तेल गेलं आहे. अजिबात हलत नसेल तर क्लच जाम आहे.

२. पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवा. अगदी किंचित हालचाल चालते. खडखड वाजत असेल तर क्लचचं किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग गेलं आहे. हा दोष घाईचा समजा. पंखा डुलायला लागला की पाती थेट रेडिएटरच्या जाळीत घुसतात.

३. डब्याचं तोंड बघा. मधून बाहेरच्या बाजूला तेलकट, धूळ चिकटलेले पट्टे दिसत असतील तर सील फुटलं आहे.

४. गाडी चांगली तापवून आणा, इंजिन बंद करा, हातमोजा घालून पंखा पुन्हा फिरवा. थंड असताना होता त्यापेक्षा आता स्पष्टपणे जड लागला पाहिजे. तेवढाच सैल असेल तर क्लच पकडत नाही.

५. आवाज ऐका. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर मिनिटभर पंख्याचा मोठा आवाज येऊन तो कमी होणं नेहमीचं आहे. घाटात काटा वर चढूनही तो घोंगावणारा आवाज आलाच नाही, तर संशय पक्का.

चालू पंख्यात गुंडाळलेला पेपर घालून तो थांबतो का, असं बघणारे आहेत. हा प्रकार करू नका. पातं तुटून तोंडावर येऊ शकतं. चालू इंजिनजवळ वाकताना गळ्यातलं उपरणं, ओढणी, सैल बाह्या आवरून घ्या.

रेडिएटरची तपासणी

आधी बाहेरून बघा. उसाचं पाचट, कांद्याची साल, कापसाचे तंतू, चिलटं आणि धूळ यांचा थर जाळीवर बसतो. एसीची गाडी असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत हा कचरा दडून बसतो आणि समोरून दिसत नाही. पाण्याचा हलका फवारा इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारा. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा प्रेशर जवळून मारला तर पातळ पत्रे वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. गाडी धुण्याआधी इंजिन थंड झालेलं हवं.

मग आतून बघा. थंड गाडीचं झाकण उघडून टॉर्च मारा. नळ्यांच्या तोंडाशी पांढरा किंवा तांबूस थर दिसला, पाणी गंजाचं असलं तर आतून चोंदायला लागलाय. गॅरेजमध्ये लांबून तापमान मोजणारी बंदूक असेल तर गरम रेडिएटरवर जागोजागी मोजायला सांगा. वरून खाली तापमान हळूहळू कमी झालं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला तर तिथून पाणी जात नाही.

हा थंड पट्टा आणखी एक खोड करतो. फॅन क्लचची पट्टी समोरच्या हवेवर चालते. रेडिएटरचा नेमका मधला भाग चोंदला असेल तर तिथून येणारी हवा गरमच होत नाही. इंजिन उकळत असतं आणि क्लचला वाटतं सगळं थंड आहे. तो पकडत नाही. अशा वेळी चांगला क्लच उगाच बाद ठरवला जातो.

एक काढला की दुसरा बघाच

हे दोन भाग एकमेकांना कसे खराब करतात ते समजून घ्या. चोंदलेल्या रेडिएटरमुळे गाडी कायम गरम राहते, क्लच कायम पकडलेला राहतो, आतलं तेल तापून लवकर थकतं. उलट बाजूने, क्लच ढिला पडला की गाडी वारंवार तापते, आतला दाब वाढतो आणि जुन्या रेडिएटरचा सांधा किंवा प्लास्टिकची टाकी फुटते. लोकांना फुटलेला रेडिएटर दिसतो, ज्याने तो फोडला तो क्लच दिसत नाही.

मजुरीचा हिशोबही बघा. रेडिएटर काढायचा तर पंख्याचं कव्हर सोडावं लागतं आणि बऱ्याच गाड्यांत पंखाही. म्हणजे क्लचपर्यंतची निम्मी वाट आधीच मोकळी झालेली असते. तेव्हा न तपासता तसंच बंद केलं तर महिन्याभराने तीच मजुरी परत. रेडिएटर उतरवला त्याच दिवशी क्लच, वॉटर पंपाचं बेअरिंग, पट्टा, थर्मोस्टॅट, दोन्ही होज पाइप आणि झाकण तपासून घ्या. पाइप दाबून बघा. फुगलेला, मऊ पडलेला किंवा तडे गेलेला असेल तर बदला. झाकण आणि पाइप ही त्या मानाने स्वस्त वस्तू, पण गाडी रस्त्यात उभी करायला तेवढ्या पुरतात.

दुरुस्ती की नवा?

जुन्या गाड्यांचे तांब्या-पितळेचे रेडिएटर दुरुस्त होतात. रेडिएटरवाला टाकी उघडतो, नळ्यांत सळई फिरवून साफ करतो, गळतीला डाग मारतो, नाहीतर आतली जाळी नवी टाकतो. काम झाल्यावर रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून हवा भरायला लावा. बुडबुडा आला नाही तरच घरी आणा.

नंतरच्या गाड्यांत अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असतात. प्लास्टिक जुनं झालं की कडक होऊन तडकतं. त्याला बाहेरून एम-सील लावून चार दिवस निघतात, घाट निघत नाही. असा रेडिएटर बदलणंच परवडतं.

फॅन क्लच बहुतेक दुरुस्त करत बसू नये. काही ठिकाणी सिलिकॉन तेल भरून देतात, पण सील आणि बेअरिंग जुनंच राहतं. नवा घेताना आपल्या गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन सांगून घ्या, पक्कं बिल घ्या. नवा क्लच गाडीत बसतो तसा उभाच ठेवायचा असतो. तोंडावर पालथा ठेवला तर तेल झिरपू शकतं, त्यामुळे दुकानात तो कसा ठेवला होता तेही बघा.

बदलण्याचं काम कसं चालतं?

हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. पण समोर उभं राहून क्रम बघितला तर चूक जागेवर पकडता येते.

१. गाडी सपाट जागी, चाकांना ओट लावून, पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलेली.

२. खाली घमेलं किंवा टब ठेवून कूलंट काढायचं. जमिनीवर सोडायचं नाही, त्याचं कारण पुढे आहे.

३. वरचा-खालचा होज, बाटलीचा पाइप सोडायचा. पंख्याचं कव्हर मोकळं करायचं. जाळी आणि पंखा यांच्यामध्ये पुठ्ठा घालायचा. पाना निसटला तर नव्या रेडिएटरला भोक पडायला एवढंसं निमित्त पुरतं.

४. पंखा काढताना बघा : बऱ्याच गाड्यांत चार नट असतात, काहींत मधोमध एकच मोठं नट असतं. त्या मोठ्या नटाचा आटा उलटा असू शकतो. माहिती नसताना हातोडा चालवला तर वॉटर पंपाचा दांडाच जातो.

५. एसी असेल तर गॅसच्या पाइपांना हात न लावता रेडिएटर सोडवायचा. गॅस दाबाखाली असतो.

६. जुना आणि नवा रेडिएटर शेजारी ठेवून मापं जुळवायची : उंची, जाडी, पाइपांची तोंडं, बसायच्या जागा. खालची रबरं तुटलेली असतील तर नवी घालायची. रबर नसेल तर गचक्यांनी नवा रेडिएटरही तडकतो.

७. पंख्याला पुढची-मागची बाजू असते. उलटा बसवला तर तो हवा नीट ओढत नाही. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, सगळ्यात सोपं.

८. सगळं बसल्यावर पंखा हाताने पूर्ण फिरवून बघायचा. पातं कव्हरला किंवा जाळीला घासता कामा नये.

९. कव्हर परत बसवायचंच. "अडचण होते" म्हणून ते काढून टाकलेल्या गाड्या पुष्कळ दिसतात. कव्हर नसलं की पंखा बाजूची हवा ओढतो आणि रेडिएटरमधून कमी हवा येते.

१०. कूलंट सावकाश भरायचं. हीटर असेल तर तो गरमवर ठेवायचा. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करायचं, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहायचं, मग झाकण लावायचं. आत हवा अडकली तर नवा रेडिएटर असूनही गाडी तापते.

११. घाटात माल भरून नेण्याआधी एक रिकामी फेरी मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत पाणी बघा, क्लिपा पुन्हा आवळा.

बोअरचं पाणी रेडिएटरला नको

घरातल्या पाणी तापवायच्या बंबाला आतून पांढरा खडा धरतो तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर तसेच रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनच्या वाटांत बसतात. बंब खरडून काढता येतो, रेडिएटरची नळी काडीएवढी बारीक असते. शिवाय तो थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचं कंपनीने सांगितलेलं मिश्रण वापरा. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायची गरज नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं काही जण विचारतात. कूलंटमुळे उकळायचं तापमान वाढतं आणि गंज अडतो. आपल्याकडे त्याचा खरा फायदा हाच. हिरवं, लाल, निळं अशा नुसत्या रंगावरून जात ओळखू नका आणि दोन जातींची मिसळ करू नका. अडीअडचणीला साधं पाणी घालावं लागलं तर घाला, गाडी वाचवणं महत्त्वाचं, पण घरी आल्यावर ते काढून पुन्हा योग्य मिश्रण भरा.

आतला थर काढायला संडास साफ करायचं अॅसिड ओतू नका. अॅल्युमिनियमला ते खातं.

कूलंट जनावरांपासून लांब ठेवा

बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोडसर आणि विषारी असतं. कुत्री, वासरं, शेळ्या ते चाटतात, आणि थोडं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. गोठ्याजवळ गाडी दुरुस्त करताना काढलेलं कूलंट टबात, झाकण लावून, लेकरांपासूनही दूर ठेवा. ते विहिरीजवळ, ओढ्यात, पाटात ओतू नका. गॅरेजच्या जुन्या ऑइलसोबत द्या. जनावराने चाटलं असा संशय आला तरी वाट न बघता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ वर फोन करा.

रस्त्यात गाडी तापली तर

• काटा वर चढतोय पण वाफ नाही : एसी बंद, हीटर पूर्ण चालू. उकडेल, पण इंजिनची थोडी उष्णता निघून जाते. सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या, घाटातल्या वळणावर थांबू नका.

• वाफ निघतेय किंवा पाणी सांडलंय : गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद. "मंडईपर्यंत एवढंच अंतर" म्हणून पुढे नेऊ नका. त्या दोन-चार किलोमीटरमध्ये हेड वाकतं आणि खर्च रेडिएटरच्या कितीतरी पट होतो.

• झाकण उघडू नका. अर्धा-पाऊण तास तरी थांबा. वरचा पाइप हाताला थंड लागला की जाड फडकं धरून झाकण थोडं फिरवा, दाब जाऊ द्या, मग उघडा. उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं.

• गरम इंजिनवर किंवा आत एकदम गार पाणी ओतू नका. हेडला तडा जातो.

• भाजलंच तर भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. तोंड, डोळे किंवा मोठा भाग भाजला असेल तर १०८ वर फोन करा.

हे जुगाड महागात पडतात

क्लचला वेल्डिंग किंवा बोल्ट मारून पंखा कायमचा जाम करणं : घाट निघतो, पण पंखा रात्रंदिवस पूर्ण वेगात फिरतो. डिझेल जास्त जातं, वॉटर पंपाच्या बेअरिंगवर ताण येतो, पाती तुटू शकतात. अडकलेली गाडी गॅरेजपर्यंत न्यायला एकवेळ ठीक, रोजच्यासाठी नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकणं : इंजिन थंडच चालतं आणि डिझेल जास्त पितं. काही इंजिनांत तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं, म्हणजे घाटात आणखी तापते.

गळती बंद करायला पावडर किंवा हळद टाकणं : जे भोक बुजवतं तेच बारीक नळ्याही बुजवतं.

आणि सगळ्यात जुना जुगाड म्हणजे क्षमतेपेक्षा जास्त गोण्या टाकणं. दीड खेपेचा माल एका खेपेत नेऊन वाचवलेलं भाडं घाटातल्या एका उकळीत जातं. लिलावाची वेळ हुकते ती वेगळीच.

महिन्यातून दहा मिनिटं

उन्हाळ कांद्याच्या आणि उसाच्या हंगामात गाड्यांवर सर्वात जास्त ताण असतो. त्याआधी दर महिन्याला एका सकाळी, इंजिन थंड असताना एवढं बघा : कूलंटची पातळी आणि रंग, झाकणाचं रबर, दोन्ही पाइप, पट्ट्याचा ताण, पंखा हाताने फिरवून आणि हलवून, आणि जाळीवरचा कचरा. पातळी दर आठवड्याला कमी होत असेल तर नुसतं भरत राहू नका, ते कुठे जातंय ते शोधा.

गॅरेजमध्ये "रेडिएटर गेला" असं कोणी सांगितलं तर एकच विचारा : "फॅन क्लच तपासला का?" तो तपासून मगच नट सोडायला सांगा.